डेबियनची बग कळवायची सेवा : परभणीतून वापरून बघितलेली

डेबियनवर, म्हणजे फुकट मिळणाऱ्या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमवर, काही बिघडलं तर कळवायची जी सोय आहे, म्हणजे त्यांचा बग ट्रॅकर (बग म्हणजे प्रोग्राममधला दोष, ट्रॅकर म्हणजे त्यांची नोंदवही) आणि त्याच्या जोडीचं रिपोर्टबग नावाचं टूल, त्याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही म्हणून मीच लिहायलोय. माझं परभणीत टायपिंग आणि झेरॉक्सचं सेंटर आहे, पीकविम्याचे अर्ज, कोर्टाचं टायपिंग, लग्नपत्रिका, बचत गटाच्या याद्या असलं सगळं काम चालतं आणि सेंटरवरच्या सगळ्या मशीनवर डेबियन आहे. आधीच सांगून टाकतो, पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढं येईलच, पण साडेचार ज्यासाठी दिले ती गोष्ट एकच आहे, तुमची तक्रार खालीच पडून राहत नाही, मूळ प्रोग्राम लिहिणाऱ्या माणसापर्यंत ती नेऊन पोचवायचं काम दुसरं कुणीतरी अंगावर घेतं आणि ती कुठवर गेली हे घरबसल्या दिसतं.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. डेबियनवाले बहुतेक प्रोग्राम स्वतः लिहीत नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये, म्हणजे ट्रिक्सीमध्ये, ६९ हजारांच्या वर पॅकेजेस (म्हणजे बसवायला तयार करून ठेवलेले प्रोग्राम) आहेत, ती जगभरातल्या लोकांनी लिहिलेली, त्या मूळ लिहिणाऱ्यांना अपस्ट्रीम म्हणतात. डेबियनच्या बाजूनं प्रत्येक पॅकेजला एक मेंटेनर असतो, कधी एकटा माणूस कधी टीम, तो ते पॅकेज तयार करतो आणि सांभाळतो. तुम्ही बग कळवला की तो पहिल्यांदा या मेंटेनरकडं जातो, त्यानं बघायचं की घोळ आपल्या पॅकेजिंगमधला आहे का मूळ कोडमधला, आणि मूळ कोडमधला निघाला तर वर पाठवायचा. हे त्याच्या मर्जीवर सोडलेलं नाही बरं का, डेबियनचा १९९७ चा सोशल कॉन्ट्रॅक्ट आहे, त्याच्या दुसऱ्या कलमातच लिहून दिलंय की बगच्या दुरुस्त्या, सुधारणा आणि वापरणाऱ्यांच्या मागण्या आम्ही मूळ लेखकांना कळवू. आणि तिसऱ्या कलमात लिहिलंय की अडचणी लपवणार नाही, बगची सगळी नोंद कायम सगळ्यांसाठी उघडी ठेवू. पैसे मोजून घेतलेल्या कुठल्या सॉफ्टवेअरच्या डब्यावर मी असलं काही लिहिलेलं बघितलं नाही.

आमच्याकडं झालं असं की याद्या आणि पावत्या छापायला आम्ही एक छोटा प्रोग्राम वापरतो, त्याचं नाव लिहीत नाही, दोष त्यांनी आता काढलाय तर उगाच कुणाचं नाव कशाला खराब करायचं. एका शेतकरी गटाची सभासद यादी छापायला आली, पेनड्राइव्हवर, वेगवेगळ्या लोकांनी आपापल्या गावी टाइप करून मग एकत्र जोडलेली. छापून निघाली तर काही ओळींत ‘शेतकऱ्यांचे’ बरोबर आणि काही ओळींत ‘शेतकर्यांचे’, म्हणजे अर्ध्या र ची ती आडवी रेघ जाऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार बसलेला. मूळ फाइल स्क्रीनवर उघडली तर दोन्हीकडं सारखंच, एकदम बरोबर. गटाच्या अध्यक्षांनी कागदावर बोट ठेवून दाखवलं, भाऊ ही बँकेत द्यायची यादी आहे, असं चालणार नाही म्हणाले, आणि बरोबरच होतं त्यांचं.

माझा भाचा नांदेडला इंजिनिअरिंगला आहे, तो सुट्टीत आलेला. त्यानं एक चांगली ओळ आणि एक बिघडलेली ओळ मूळ फाइलमधून घेतली आणि एकेक कॅरेक्टर सुटं करून बघितलं, तेव्हा उलगडा झाला. हा आडव्या रेघेचा अर्धा र युनिकोडमध्ये दोन पद्धतींनी लिहिता येतो. एक, नुक्तावाला ऱ घ्यायचा, त्याचा पाय मोडायचा आणि पुढं य. दुसरी, साधा र घ्यायचा, पाय मोडायचा, मग झिरो विड्थ जॉइनर नावाचं एक न दिसणारं कॅरेक्टर टाकायचं आणि मग य. डोळ्याला दोन्ही एकच. आमचा प्रोग्राम मात्र फाइल आत घेताना न दिसणारं जे काही असेल ते कचरा समजून झाडून टाकायचा, जॉइनर गेला की उरतं साधा र, मोडका पाय आणि य, आणि त्याचा नियमानं रफारच होतो. म्हणजे ज्यांनी ऱ नं टाइप केलं त्यांची गावं बचावली आणि ज्यांनी जॉइनर वापरला त्यांची बिघडली. भाचा म्हणाला, “मामा, हे आपण फाइंड रिप्लेस करून भागवू, आजची यादी निघून जाईल, पण हे कळवून टाका त्यांना, नाहीतर दर यादीला हेच करत बसावं लागतंय.”

आता टूलबद्दल. टर्मिनलमध्ये रिपोर्टबग लिहून पुढं पॅकेजचं नाव द्यायचं, बास, ज्यांना काळ्या खिडकीची धास्ती वाटते त्यांच्यासाठी बटणांची खिडकीही आहे. पहिल्या वेळेला नाव, ईमेल आणि तुम्ही नवखे आहात का जाणकार एवढं विचारतं, मशीनवर मेल सर्व्हर बसवलेला नसला तरी अडत नाही, डेबियनचाच सर्व्हर वापरून पाठवता येतं. मग ते त्या पॅकेजवर आधीपासून नोंदलेले बग काढून समोर ठेवतं आणि विचारतं, यातलाच तर नाही ना तुमचा? मला ही पायरी सगळ्यात पटली, कारण निम्म्या लोकांचं काम तिथंच होतं, आधीच कुणीतरी लिहिलेलं असतं आणि तात्पुरता उपायही खाली दिलेला असतो. आपला त्यात नसला तर विषय लिहायचा आणि गंभीरता निवडायची, विशलिस्टपासून क्रिटिकलपर्यंत सात पायऱ्या आहेत, त्यातल्या सिरियस, ग्रेव्ह आणि क्रिटिकल या वरच्या तीन पायऱ्यांवरचे बग डेबियनची नवी आवृत्तीसुद्धा अडवून धरतात, म्हणून आपलं काम अडलंय एवढ्यावरून तिथं हात घालायचा नाही. आम्ही नॉर्मल निवडलं. शेवटी एडिटर उघडतो आणि त्यात कर्नल (सिस्टिमचा गाभा) कुठला, लोकेल (भाषेची सेटिंग) कुठलं, पॅकेजची आवृत्ती कुठली, ते ज्याच्या जिवावर चालतं त्या लायब्ऱ्या कुठल्या आवृत्तीच्या, हे सगळं आपोआप भरून येतं. फोनवर “कोणतं व्हर्जन आहे सर” या प्रश्नात जी दहा मिनिटं जातात ती इथं लागतच नाहीत.

लिहायचं काय, यावर मात्र आम्ही वेळ घातला, आणि सगळ्यांनी घालावा. वाचणारा माणूस देवनागरी न वाचणारा असणार हे धरून चाललो. ‘शेतकऱ्यांचे’ चुकलंय म्हटलं तर त्याला काय कळणार? म्हणून कॅरेक्टरांचे युनिकोड नंबर लिहिले, आत जाताना ०९३०, ०९४डी, २००डी, ०९२एफ आणि बाहेर येताना ०९३०, ०९४डी, ०९२एफ, मधला २००डी गायब. हे वाचायला मराठी यावं लागत नाही. सोबत दोन चित्रं, असं यायला पाहिजे आणि असं येतंय, आणि एक तीन ओळींची फाइल, जी उघडून छापली की कुणालाही बिघाड दिसावा. गटाची खरी यादी अजिबात जोडली नाही, त्यात लोकांचे खाते नंबर होते आणि इथं पाठवलेली प्रत्येक गोष्ट जगाला दिसते, एकदा गेली की परत घेता येत नाही. सेंटरवाल्यांनी हे तर डोक्यात पक्कं ठेवावं, गिऱ्हाइकाचा कागद म्हणजे गिऱ्हाइकाचा, नवी फाइल बनवायला दोन मिनिटं लागतात. इंग्रजी आमचं काही भारी नाही, छोटी छोटी वाक्यं लिहिली, काय केलं, काय व्हायला पाहिजे होतं, काय झालं. एवढं पुरतं. आपल्याकडची पोरं इंग्रजीच्या धाकानं कळवतच नाहीत आणि मग मराठीचे दोष वर्षानुवर्षं तसेच राहतात, कारण ज्याला ते दिसतात तो बोलत नाही आणि ज्याच्या हातात दुरुस्ती आहे त्याला ते दिसत नाहीत.

पाठवल्यावर थोड्या वेळात पोच येते, त्यात बगचा नंबर. कचेरीत अर्ज दिल्यावर आवक नंबर मिळतो तसाच हा, फरक एवढाच की पुढं जावक कधी झाली, कुणाला झाली, त्यानं काय उत्तर दिलं हे सगळं त्याच नंबराखाली कुणालाही वाचता येतं. ही पद्धत बरीच जुनी आहे, इयन जॅक्सन यांनी १९९४ मध्ये हा ट्रॅकर लिहिला, डेबियन सुरू झाल्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते, आणि २०२१ मध्ये त्यावरच्या नंबरानं दहा लाखांचा आकडा ओलांडला. ग्नू प्रोजेक्टसुद्धा स्वतःच्या बगांसाठी हेच सॉफ्टवेअर वापरतं.

मेंटेनरचं उत्तर काही दिवसांनी आलं. त्यांनी आमची तीन ओळींची फाइल घेऊन स्वतःच्या मशीनवर बिघाड काढून बघितला, मग मूळ प्रोग्रामची सगळ्यात ताजी आवृत्ती उतरवून तिच्यावरही तपासला, तिथंही तसाच. म्हणजे डेबियनचा दोष नाही, वरचा आहे. त्यांनी बगला अपस्ट्रीमचा टॅग लावला, मूळ प्रोग्रामवाल्यांच्या ट्रॅकरवर नवीन नोंद केली, आमचे नंबर, चित्रं, फाइल सगळं तिकडं नेलं आणि तिथला पत्ता इकडच्या बगवर फॉरवर्डेड म्हणून चिकटवला. आम्हाला तिकडं खातं काढा, पासवर्ड ठेवा, त्यांचा फॉर्म भरा, यातलं काहीच करावं लागलं नाही. आणि त्यांनी नुसतं कॉपी पेस्ट केलं नाही, कोडमध्ये ही झाडलोट कुठल्या ठिकाणी होते ती जागाही शोधून दिली.

तिकडची चर्चा मी अख्खी वाचली. मूळ प्रोग्रामरचं म्हणणं होतं की वेबवरून चिकटवलेल्या मजकुरात लपलेली कॅरेक्टरं येतात आणि त्यानं पावत्यांचे रकाने हलतात म्हणून ती काढायची सोय केली होती, जे खरंच आहे, आम्हालाही तो त्रास होतो. मग एकानं येऊन सांगितलं की फारसीत शब्दाच्या आत झिरो विड्थ नॉन जॉइनर, म्हणजे अक्षरं सुटी ठेवणारं न दिसणारं कॅरेक्टर, लागतोच, तो काढला तर अक्षरं नको तिथं चिकटतात, दुसऱ्यानं सिंहलीचं सांगितलं. परभणीच्या एका यादीवरनं निघालेली गोष्ट, आणि तिच्यामुळं आम्ही कधी न बघितलेल्या लिप्यांची दुरुस्ती होऊ लागली! शेवटी ठरलं की २००सी (नॉन जॉइनर) आणि २००डी (जॉइनर) ही दोन सोडून बाकीची झाडायची, आणि पुन्हा कुणी बदल करताना हे मोडू नये म्हणून आमच्याच तीन ओळी त्यांच्या चाचण्यांत घातल्या. ‘शेतकऱ्यांचे’ हा शब्द आता त्या प्रोग्रामच्या कोडमध्ये बसलाय, दर आवृत्तीच्या आधी तपासला जातो. मला याचा फार आनंद आहे.

कुणी म्हणेल, एवढं वर कशाला न्यायचं, मेंटेनरनंच आपल्यापुरतं दुरुस्त करून द्यावं की. ते किती महागात पडू शकतं हे डेबियननंच एकदा भोगलंय. २००६ मध्ये ओपनएसएसएलच्या, म्हणजे माहिती गुप्त ठेवायला लागणाऱ्या लायब्ररीच्या, पॅकेजमध्ये एका तपासणी टूलची कुरकुर थांबवायला कोडच्या ओळी काढल्या गेल्या. वरच्या लोकांना विचारणा झाली होती, पण खुद्द तो बदल मूळ कोडमध्ये कधी गेलाच नाही, डेबियनपुरताच राहिला, त्यामुळं ज्यांनी ते कोड लिहिलं त्यांच्या नजरेखालून तो नीट गेला नाही. त्या ओळींमुळंच गुप्त किल्ल्यांमध्ये यादृच्छिकपणा येत होता. त्या गेल्यावर उरला फक्त प्रोसेसचा नंबर (चालू प्रोग्रामला मशीन देतं तो क्रमांक), म्हणजे एका प्रकारच्या मशीनवर एका आकाराच्या जेमतेम ३२ हजार किल्ल्या होऊ शकत होत्या, कुणीही सगळ्या काढून ठेवाव्यात. मे २००८ मध्ये लुचियानो बेल्लो यांनी हे शोधून काढलं तोवर जवळपास दोन वर्षं डेबियन आणि त्यावर उभ्या असलेल्या उबुंटूच्या मशीनवर असल्या कच्च्या किल्ल्या तयार होत होत्या, त्या सगळ्या बदलाव्या लागल्या. तेव्हापासून जो मेंटेनर म्हणतो “हे आधी वर विचारू द्या”, त्याच्यावर चिडायचं नाही असं माझं मत आहे, वेळ लागू द्या.

आता अर्धा गुण कुठं गेला ते. या सेवेला वेबवर फॉर्मच नाही. ब्राउझरमध्ये बग वाचता येतात पण नवीन टाकणं, बंद करणं, टॅग लावणं, सगळं ईमेलनं, आणि त्या ईमेलला स्वतःची एक भाषा आहे, ठराविक पत्त्यावर ठराविक शब्द. आमच्यासारख्याला ईमेल उलट सोयीचा पडतो, लाईट गेली, नेट गेलं तरी लिहून ठेवायचं आणि आलं की पाठवायचं, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही भागतं, पण ज्यानं आयुष्यभर बटणंच दाबली त्याला हे परकं वाटणार. दुसरं, तुमचा ईमेल पत्ता सगळ्यांना दिसतो, त्यावर फालतू मेल येतात, म्हणून यासाठी वेगळा पत्ता काढा. तिसरं जास्त महत्त्वाचं, मेंटेनर हे बहुतेक स्वखुशीनं फावल्या वेळात काम करणारे लोक आहेत, एखाद्या पॅकेजवर उत्तर लगेच येतं आणि एखाद्यावर बग कित्येक महिने तसाच बसतो, कुणी बघितलासुद्धा नाही असं वाटतं. पॅकेज बेवारस आहे का, हे आधी त्याच्या पानावर बघून घ्यावं.

तसं असलं तर सरळ अपस्ट्रीमकडं जा. लिबरऑफिस, केडीई, ग्नोम असल्या मोठ्या प्रोजेक्टांचे स्वतःचे ट्रॅकर आहेत, पहिल्या दोघांचं बगझिला, ग्नोम २०१८ पासून गिटलॅबवर (दोन्ही बग नोंदवायच्या वेबसाइट चालवणारी सॉफ्टवेअर), आणि तिथं मंडळी बऱ्यापैकी जागी असतात. फक्त एक अट, ते पहिला प्रश्न विचारणार, ताज्या आवृत्तीवर होतं का? डेबियनच्या स्टेबलमधली, म्हणजे सगळ्यांनी वापरायच्या पक्क्या आवृत्तीतली, आवृत्ती जुनी असते, म्हणून ताजी वेगळी उतरवून तपासल्याशिवाय तिकडं जाऊ नका. लिबरऑफिसमध्ये मदतीच्या मेनूतून सेफ मोडमध्येही चालू करून बघा, आपल्याच सेटिंगचा खेळ असला तर तिथं कळतो. आणि दोन्हीकडं कळवलंत तर दोन्हीकडं एकमेकांचा पत्ता टाका, नाहीतर दोन माणसं एकच काम करत बसतात. फॉन्टची गोष्ट असली तर अजून एक बघायचं, लिबरऑफिस ५.३ पासून सगळीकडं अक्षरं जुळवायचं काम हार्फबझ ही लायब्ररी करते, त्यामुळं जोडाक्षर मोडत असेल तर तोच फॉन्ट दुसऱ्या एखाद्या प्रोग्राममध्ये लावून बघा, मग दोष प्रोग्रामचा, लायब्ररीचा का फॉन्टचा ते बरंचसं कळतं आणि तक्रार योग्य दारात जाते.

सुरक्षेचा दोष सापडला तर मात्र यातलं काहीच करायचं नाही, रिपोर्टबगही नाही, कारण ते जाहीर होतं. डेबियनच्या सिक्युरिटी टीमला खाजगीत लिहायचं. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड यांना डेबियनच्या विकासाच्या आवृत्तीवर एसएसएच लॉगिनला (दुसऱ्या मशीनवर लांबून शिरायला) साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढंच खटकलं आणि त्यातून एक्सझेड या फाइली दाबून लहान करायच्या प्रोग्राममधला चोरदरवाजा बाहेर आला. त्यांनी पहिली खबर डेबियनच्या सिक्युरिटी टीमला दिली आणि अपस्ट्रीमला बग टाकला नाही, कारण घोळ अपस्ट्रीमच्याच आतून होता. वर पाठवायच्या आधी मध्ये कुणीतरी बघणारं असणं किती कामाचं आहे, ते त्या आठवड्यात सगळ्यांना दिसलं.

आमच्या बगचं पुढं असं झालं की वरच्यांनी दुरुस्ती केल्यावर डेबियनचा बीटीएसलिंक म्हणून जो आपोआप चालणारा प्रोग्राम आहे, तो फॉरवर्डेड पत्त्यावर जाऊन स्थिती बघून आला आणि इकडं फिक्स्ड अपस्ट्रीमचा टॅग लावून गेला, मग नवीन पॅकेज चढलं, त्याच्या चेंजलॉगमध्ये (काय काय बदललं त्या यादीत) आमचा नंबर होता, त्यानं बग बंद झाला आणि तसा मेल आला. पण चढलं ते विकासाच्या आवृत्तीत. स्टेबलमध्ये अधूनमधून येणाऱ्या अपडेटमध्ये मोजक्याच गंभीर दुरुस्त्या घेतात, आणि नवीन स्टेबल साधारण दोन वर्षांनी येतं, म्हणजे सेंटरच्या मशीनवर जुनाच प्रोग्राम आहे. घाई असणाऱ्यानं बॅकपोर्ट्समध्ये, म्हणजे स्टेबलवर चालतील अशी करून दिलेली नवी पॅकेजं मिळतात तिथं, आलंय का बघावं, आमचं अजून आलेलं नाही. तोवर भाच्यानं एक छोटी स्क्रिप्ट लिहून दिलीय, छापायच्या आधी फाइलमधला र, मोडका पाय आणि जॉइनर जिथं जिथं असेल तिथं ऱ करून टाकते. तिच्यात पहिल्याच ओळीला त्यानं बगचा नंबर लिहून ठेवलाय, म्हणजे नवीन पॅकेज आलं की ही कधी काढायची ते सेंटरवर बसणाऱ्या कुणालाही बघता येईल. ज्या सेंटरवाल्यांना याद्यांमध्ये हाच त्रास होतोय त्यांनी सांगा, स्क्रिप्ट पाठवून देतो.